सकाळी 7 च्या शाळेच्या व्हॅनआधी सीएफचं (सिस्टिक फायब्रोसिस, फुफ्फुसात घट्ट कफ साठण्याचा जन्मजात आजार) नेब्युलायझर आणि छातीचं फिजिओ बसतं का?

बसतं, फक्त वेळ कापायचा तो धुण्या-उकळण्यातला, उपचारातला नाही. आमच्या लेकीचं 6 वर्षं असंच चाललंय. नेब्युलायझरचे (औषधाची वाफ करणारं यंत्र) दोन-तीन औषधाचे कप घेऊन ठेवा, वापरला की साबणाने धुवायचा आणि रात्री सगळे एकदम 5 मिनिटं उकळून हवेवर सुकवायचे, फडक्याने पुसू नका (तुमचा कप उकळायला चालतो ना ते आधी बघा). सकाळचा क्रम मात्र तोच, आधी साल्ब्युटामॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारं), मग सलाइन (कफ पातळ करणारं मिठाचं पाणी, नेब्युलायझरमधून), मग फिजिओ आणि ओढायचं अँटिबायोटिक असेल तर सगळ्यात शेवटी, कारण कफ निघाल्याशिवाय ते नीट आत पोचतच नाही. सलाइन चालू असतानाच पेप (अडथळ्याविरुद्ध श्वास सोडून कफ सुटायला मदत करणारं उपकरण) करता येईल का हे फिजिओथेरपिस्टला विचारा, आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाचला. अन्न पचवायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल शाळेच्या डब्यासोबतच द्या, वडापावला, दुधाला लागतात, नुसत्या लिंबू सरबताला नाही. आणि सीएफमध्ये घामातून मीठ जास्त जातं, म्हणून एप्रिलमध्ये पुण्यात त्या सरबतात मीठ जास्तच, किती ते डॉक्टरांना विचारून. हे सगळं तब्येत बरी असताना हां, खोकला वाढला किंवा कफाचा रंग बदलला तर वेळापत्रक बाजूला आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.