टी.ए.च्या ट्रेनिंगमध्ये दिवस कसा जातो आणि हेलिकॉप्टरमध्ये खरंच बसवतात का?

तुम्ही लिहिलंय की इचलकरंजीत खासगी नोकरी करता, टेरिटोरियल आर्मीच्या, म्हणजे टी.ए.च्या, भरतीला उतरायचा विचार आहे, आणि दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: ट्रेनिंगमधला रोजचा दिवस कसा असतो आणि हेलिकॉप्टरमध्ये बसायला मिळतं का, भीती वाटते का. मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम करतो आणि टी.ए.मध्ये जवान आहे, म्हणून अनुभवाचं सांगू शकतो. कुठली पोस्ट, कुठला डोंगर, कधीची तैनाती हे मात्र लिहिणार नाही. ते कुणीच लिहू नये.

हेलिकॉप्टरमध्ये बसायला मिळतं, पण ते ट्रेनिंगचं बक्षीस नव्हे. कोल्हापुरात टेंबलाईवाडीला मराठा लाइट इन्फन्ट्रीची १०९ टी.ए. बटालियन आहे. तिथं किंवा कुठल्याही कॅम्पात वार्षिक ट्रेनिंग चालू असतं तेव्हा तुम्ही जमिनीवरच असता, आणि बऱ्यापैकी धुळीत. हेलिकॉप्टरचा संबंध येतो तो तैनातीत, जिथं बर्फानं किंवा दरड कोसळून रस्ता बंद असतो, किंवा एखाद्या मोठ्या सरावात. पण त्या थोड्या मिनिटांसाठी लागणारी सवय रोजच्या दिवसातच अंगात मुरवलेली असते. माझ्या मते तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून दिवसापासून सांगतो.

टी.ए. म्हणजे काय, ते थोडक्यात. कायदा १९४८चा, आणि ९ ऑक्टोबर १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते तिची रीतसर सुरुवात झाली. माणूस आपला नोकरीधंदा सांभाळून लष्करी शिक्षण घेतो आणि बोलावलं की वर्दीत हजर होतो. इन्फन्ट्रीत वर्षाला साधारण दोन महिन्यांचं ट्रेनिंग धरून चाला. पण गरज पडली तर बटालियन सलग मोठ्या काळासाठी बोलावली जाते, काश्मीरला किंवा ईशान्येला जाते. ‘दोनच महिने तर आहेत’ असं समजून कुणी येऊ नये. वर्दीत असेपर्यंत पगार आणि शिस्त दोन्ही नियमित फौजेसारखी.

आता दिवस. पहाटे साडेचारच्या सुमारास उठायचं. अंथरूण घडी करून, दाढी करून, बूट बांधून पीटीच्या फॉलिनला, म्हणजे रांगेत, उभं राहायचं. उस्ताद, म्हणजे शिकवणारे, आधी गिनती करतात, माणसं मोजतात. नाश्त्याआधी गिनती, परेडआधी गिनती, रेंजवर जाताना गाडीत चढण्याआधी गिनती, उतरल्यावर गिनती, रात्री रोल कॉल. पहिल्या आठवड्यात नव्या पोराला हे सगळं उगाचच वाटतं. मग सवय होते आणि आपल्या मागचा-पुढचा माणूस जागेवर नसला की न मोजताही कळतं.

पीटीत धावणं, दोर, पुल-अप्स. बीपीईटी ही दमाची परीक्षा, म्हणजे पाठीवर पिट्ठू (सामानाची पिशवी), हातात रायफल आणि पाच किलोमीटर धावणं. आपल्याकडची तालमीत घुमलेली पोरं दोरावर सरसर चढतात, खांदे मजबूत असतात, पण तिसऱ्या किलोमीटरला दम लागतो, कारण लाल मातीतला दम वेगळा आणि रस्त्यावरचा वेगळा. तुम्ही तालमीतले असाल तर धावण्याकडे आतापासूनच जास्त लक्ष द्या.

नाश्ता लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या भोजनघरात, बहुतेकदा पुरी-भाजी आणि मगभर चहा. जेवण साधं: डाळ, भाजी, चपाती, भात. पोट भरतं, पण कोल्हापूरच्या जिभेला तिखट कमी पडतं. म्हणून कुणाच्या तरी पेटीत घरून आलेल्या कांदा-लसूण चटणीची बरणी असतेच आणि ती सगळ्या बाकावर फिरते. बडा खाना, म्हणजे खास सामुदायिक जेवण, असेल त्या दिवशी मटण, अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात. मला ते जेवण फार आवडतं, कारण साहेब लोक घरची चौकशी करतात, कारखान्यातलं काम कसं चाललंय विचारतात. आपण तिथं नुसता नंबर नसतो.

नाश्त्यानंतर ड्रिल, मग हत्यार, नकाशा, फील्ड क्राफ्ट (मैदानात लपतछपत हालचाल करणं). रेंजचा दिवस असेल तर गट करून फायरिंग, बाकीचे बट पार्टीत, म्हणजे निशाण्याच्या बाजूला कामाला. दुपारी थोडी विश्रांती, नंतर झाडलोट आणि श्रमाची कामं, संध्याकाळी गेम्स. मग हत्याराची सफाई, आणि तिच्याबद्दल जरा जास्त लिहितो.

सगळे रांगेनं खाली बसतात. समोर कापड, त्यावर रायफलचे सुटे भाग ठरलेल्या क्रमानं. नळीतून फुलथ्रू, म्हणजे सफाईची दोरी, ओढायचा, टोकाला चिंदी. पहिली चिंदी काळी येते, दुसरी राखाडी. उस्ताद शेवटची चिंदी हातात घेऊन उजेडाकडे धरतात. पांढरी दिसली तर पुढे, नाहीतर परत. माझ्या बोटांच्या रेषांत फौंड्रीची काळी वाळू कायम असते, कितीही धुतली तरी राहते. त्यामुळे चिंदीवरचा डाग नळीतला की माझ्या हाताचा हे पाहायला उस्तादांनी एकदा मला हातच दाखवायला सांगितले. त्यांनी हात पाहिले आणि चिंदी धरायला मला कायमची काडी दिली. नंतर सगळे भाग त्याच क्रमानं जुळवायचे, घाई न करता. क्रम चुकला तर रायफल जुळतच नाही.

आता हेलिकॉप्टर. खऱ्याच्या आधी आम्ही खोट्यात बसलो. मैदानावर चुन्याच्या फक्कीनं हेलिकॉप्टर आखलं: पोट, दार, लांब शेपूट आणि शेपटीच्या टोकाशी एक मोठी फुली. आत दोन बाजूंना लंगरमधली बाकं समोरासमोर. एका खेपेला जाणाऱ्या गटाला स्टिक म्हणतात. प्रत्येकाला नंबर, आणि पहिला चढणारा सर्वांत आत जातो, म्हणजे दारात गर्दी होत नाही. शेवटचा चढणारा मोजतो. हे सगळं बोलून करायचं नाही. उस्तादांनी शेजारी जनरेटर चालू करून ठेवला आणि हाताच्या खुणांवर चढ-उतर करून घेतली. कुणी ओरडून विचारलं की पूर्ण स्टिक परत सुरुवातीच्या रेषेवर.

नियम घोकायला लावतात आणि प्रत्येकाचं कारण सांगतात. शेपटीकडून कधीही जायचं नाही, कारण मागचा छोटा पंखा फिरताना दिसतच नाही. पायलटला दिसाल असंच समोरून किंवा बाजूनं, वाकून जायचं. वेग कमी असताना मोठ्या पंख्याची पाती वाऱ्यानं खाली झुकतात. उतारावर हेलिकॉप्टर उभं असेल तर चढाच्या बाजूनं जायचं नाही, तिथं पाती आणि जमीन यांतलं अंतर कमी असतं. टोपी काढून खिशात, वायरलेसची एरियल खाली. रायफल रिकामी आणि नळीचं तोंड खाली, कारण डोक्यावर इंजिन आणि पंखा असतो. आसपास प्लॅस्टिकची पिशवी, पोतं, कागद काही सैल ठेवायचं नाही; एक पिशवी इंजिनात ओढली गेली तर सगळ्यांचा जीव धोक्यात.

लोक सगळ्याच हेलिकॉप्टरला एकच समजतात, म्हणून सांगतो. आम्ही बसलो ते एमआय-१७, हवाई दलाचं. त्याच्या नव्या प्रकाराचं पूर्ण भरलेलं वजन १३ टनांपर्यंत जातं आणि सखल भागात तीसच्या वर जवान बसू शकतात. चीता, चेतक, ध्रुव ही हेलिकॉप्टरं लष्कराच्या स्वतःच्या आर्मी एव्हिएशन कोअरकडेही आहेत. ही कोअर १ नोव्हेंबर १९८६ला उभी राहिली आणि तिचं शिक्षण केंद्र आपल्याच नाशिकला आहे. चीता छोटं, पायलटसह पाच जणांचं, पण सियाचीनसारख्या उंचीवरही जातं.

उड्डाणाच्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ वाट बघण्यात जातो. आम्ही अंधारात तयार होतो. प्रत्येकाचं सामानासकट वजन केलं, यादी लिहिली. उंचावर हवा विरळ, आणि ऊन चढलं की आणखी विरळ, मग तेच पंखे तेवढा भार उचलत नाहीत. म्हणून सकाळी लवकर उडतात आणि माणसं कमी घेतात. कुणाच्या तरी पिट्ठूतून घरच्या लाडवांचा डबा काढावा लागला. ढग आले की परत बराकीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यावर चिडणारा माणूस तिथं टिकत नाही.

मग ते आलं. पाठ करून, गुडघ्यावर, सामान अंगाखाली दाबून बसलो होतो. पंख्याच्या वाऱ्यानं खडी मानेवर सपासप लागते आणि रॉकेलसारखा वास नाकात भरतो. आवाज इतका की शेजाऱ्याचे ओठ हलताना दिसतात, शब्द नाही. स्टिक कमांडरनं हात केला आणि आम्ही उठलो. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की सहा वेळा गिनती का करतात. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं आणि तरी प्रत्येकजण आपल्या जागी होता. शेवटच्या जवानानं बोटांनी आकडा दाखवला, क्रूमधल्या माणसानं मान हलवली, दार लागलं.

आधी जमिनीपासून थोडंसं उचलतात आणि तिथंच थांबून बघतात, भार पेलतोय का. एका जागी तरंगायला जास्त ताकद लागते, पुढे वेग घेतला की कमी. म्हणून मग नाक खाली करून पुढे निघतात. हादरे बुटांच्या तळव्यातून दाढांपर्यंत येतात. खिडक्या गोल. खाली नदीचा पट्टा, तिच्या कडेनं रस्ता, आणि जो रस्ता गाडीनं चढायला अख्खा दिवस गेला असता तो काही मिनिटांत मागे पडला. उतरताना उलट क्रम: दाराजवळचा आधी, बाहेर पडून बाजूला, खाली दबून राहायचं, हेलिकॉप्टर निघून जाईपर्यंत उठायचं नाही. त्याच खेपेत खाली जाणारे जवान समोर थांबलेले होते. महिनोन्‌महिने वर काढलेले ते चेहरे पाहून आमच्यातलं कुणीच आपल्या प्रवासाबद्दल बोललं नाही.

भीती वाटते का? चढताना नाही वाटत, कारण डोक्यात नंबर आणि पुढच्याची पाठ एवढंच असतं. वर गेल्यावर दरीतल्या वाऱ्यानं एकदम खाली बसल्यासारखं होतं तेव्हा पोटात गोळा येतो. आमच्यातल्या एकाला उलटी झाली, खिशात पिशवी होती, काही बिघडलं नाही. आधी हलकं खा, नजर लांबवर ठेवा, कानात बोळे घाला.

हे शिकल्यापासून २०१९च्या महापुराकडेही मी वेगळ्या नजरेनं बघतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात. तेव्हा गल्लीत प्रत्येकजण विचारत होता, हेलिकॉप्टर का उतरवत नाहीत? मीही विचारत होतो. आता कळतं की विजेच्या तारा, खांब, नारळाची झाडं, सुटलेले पत्रे यांच्यामध्ये ते उतरवणं म्हणजे खालच्यांनाच धोका. पंख्याच्या वाऱ्यानं पत्रा उडतो, छोटी बोट उलटते. लष्कर, नौदल आणि एनडीआरएफनं बहुतेक माणसं बोटींतूनच काढली आणि ते योग्यच होतं. पुराच्या भागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे माहीत करून घ्यायला हवं: छतावर सैल पत्रे, ताडपत्री ठेवू नका, आणि हेलिकॉप्टर आलंच तर त्याच्याकडे धावत सुटू नका, जागेवर खाली बसा आणि खुणेची वाट बघा.

आता नोकरीचं. टी.ए.च्या कायद्यात कलम ७-अ आहे. सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला परत आल्यावर कामावर घेण्याची जबाबदारी त्यात मालकावर टाकलेली आहे. तरीसुद्धा भरतीआधीच मालकाशी आणि घरी मोकळेपणानं बोला. माझ्या कारखान्यात मी आदेशाचं पत्र हातात पडलं की त्याच दिवशी सुपरवायझरकडे देतो, म्हणजे त्यांना पाळीची व्यवस्था करायला वेळ मिळतो. घरी मी नसताना शेताचं पाणी आणि दवाखाना कोण बघणार हे भावाशी आधीच ठरलेलं असतं.

आणि तयारी: १.६ किलोमीटर जोरात धावायचा रोज सराव, पुल-अप्स, दहावीची आणि जन्मतारखेची कागदपत्रं एकाच स्पेलिंगमध्ये. शेवटचं फार महत्त्वाचं आहे, आधार आणि मार्कशीटवरच्या नावात फरक असल्यानं धावण्यात पास झालेली पोरं परत जाताना मी पाहिली आहेत. ते आत्ताच दुरुस्त करून घ्या, त्याला महिने लागतात. भरतीची तारीख फक्त टी.ए.च्या अधिकृत जाहिरातीतच बघा, आणि ‘साहेबांची ओळख आहे’ म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका, सरळ पोलिसांत जा.