थायरॉईडची गोळी आणि पहिले तीन महिने

‘मॅडम, या गोळीने बाळाला काही होणार नाही ना?’ थायरॉईडचा त्रास असलेल्या गरोदर बायका हे इतक्यांदा विचारतात, की एकीची हकिकत लिहून ठेवते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती आठव्या आठवड्यात आली. हायपोथायरॉईडिझम (थायरॉईड ग्रंथी हार्मोन कमी बनवते तो आजार) जुना, रोज ५० मायक्रोग्रॅम लिव्होथायरॉक्सिनची गोळी चालू होती. दिवस राहिल्याचं कळताच तिने गोळी बंद केली. टीएसएच, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा, ९.४ वर गेला. डॉक्टरांनी समजावून डोस वाढवला, तरी बाटली कपाटातच.

‘सासूबाई म्हणतात, पहिले तीन महिने औषध नको.’

‘आणि तुम्ही काय म्हणता?’

‘गोळी घेतली आणि काही झालं, तर मीच दोषी ना?’

खरी अडचण इथे होती. घेतलेल्या गोळीचा दोष आपल्या माथी येतो, न घेतलेलीचा कुणाच्याच नाही, अशी तिची समजूत. माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेविषयीची समजूत जास्त छळते, असं मी मानते. म्हणून आकडे बाजूला ठेवले.

‘तुमची ग्रंथी ठणठणीत असती, तर तिचं हार्मोन बाळाला मिळालं असतं?’

‘हो.’

‘आणि या गोळीत काय आहे?’

तिने बाटलीवरचं नाव वाचलं. थायरॉक्सिन, ग्रंथीचंच हार्मोन. बराच वेळ ती बाटलीकडे बघत राहिली. मीही बोलले नाही. अशा वेळी घाई केली तर पटलेलं उलटतं. मग ती म्हणाली, ‘म्हणजे मी बाळाचंच बंद केलं होतं?’ डोळे भरले. एक अपराधगंड जाऊन दुसरा येऊ नये, म्हणून लगेच विचारलं, ‘उद्या सकाळी किती वाजता घ्याल?’

पुढच्या भेटीला सासूबाईही आल्या. त्यांना सांगितलं, ‘काकू, बाळाची ग्रंथी १२व्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते, पुरेसं हार्मोन बनवायला १८ ते २० आठवडे उजाडतात. तोवर मेंदूच्या वाढीला आईचंच लागतं.’ त्यानंतर सकाळी गोळीची आठवण त्याच करू लागल्या! ४ आठवड्यांनी टीएसएच २.३.

आधीपासून गोळी चालू असेल तर गरोदरपणात गरज साधारण २५ ते ५० टक्क्यांनी वाढते. दिवस राहिल्याचं कळलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा. पुष्कळदा आठवड्याला ७ ऐवजी ९ गोळ्या घ्यायला सांगतात. टीएसएच २.५ च्या खाली ठेवायचा असतो. तपासणी निम्मे दिवस भरेपर्यंत दर ४ आठवड्यांनी, मग ३०व्या आठवड्याच्या आसपास एकदा.

डोस बरोबर असूनही आकडा उतरत नसेल, तर आधी चहाची वेळ विचारा. गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर; चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या ४ तासांनी, कारण त्या थायरॉक्सिन आतड्यात अडवतात. गरोदरपणात तिन्ही एकदमच सुरू असतात आणि बायका सगळ्या एकाच घोटात गिळतात. सकाळी उलट्या होत असतील तर डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर ३ तासांनी घ्या.

बाळंतपणानंतर डोस बहुधा पूर्वीइतका होतो. ६ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. अंगावर पाजताना गोळी चालते. आणि बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन त्याची थायरॉईड तपासणी झाली का, हे घरी जाण्याआधी विचारा. ती प्रत्येक बाळाची व्हायला हवी, आईला त्रास असो वा नसो.