कोपर सरळ होत नसेल तर ‘एक्स-रे नॉर्मल’वर थांबू नका

दादा, लेकरू १३ वर्षांचं, शाळेच्या बेसबॉल टीमचा पिचर (म्हणजे चेंडू जोरात फेकणारा), कोपर बाहेरच्या बाजूला दोन महिने दुखतंय, एक्स-रे नॉर्मल, आणि गावात चोळून घेताय. चोळणं आजच थांबवा. फेकणंही.

आधी घरीच एक बघा. दोन्ही हात समोर, तळवे वर, कोपरं ताठ करायला लावा. दुखरं कोपर दुसऱ्यापेक्षा थोडंही कमी सरळ होत असेल, तर ‘मुका मार असेल’ म्हणून सोडू नका. अधूनमधून कट्‌कन वाजतं का, अडकतं का, तेही विचारा. पोरं टीममधून काढतील या भीतीनं लपवतात.

जोरात फेकताना कोपराची आतली बाजू ताणली जाते आणि बाहेरच्या बाजूला दोन हाडं एकमेकांवर दाबली जातात. तिथल्या, दंडाच्या हाडाच्या टोकाशी असलेल्या कॅपिटेलम नावाच्या गोल भागाला या वयात रक्तपुरवठा तोकडा असतो. मग कूर्चेखालचं (कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत थर) हाड कमकुवत होतं आणि कूर्चेसकट तुकडा सैल पडू लागतो. डॉक्टर याला ओसीडी (ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसेकन्स) म्हणतात. (आतल्या बाजूचं दुखणं वेगळं, ते बहुधा वाढीच्या हाडाला बसलेल्या ताणाचं असतं आणि विश्रांतीनं बरं होतं.)

हात ताठ ठेवून काढलेल्या फिल्ममध्ये हे सुरुवातीला निसटतं. कोपर ४५ अंश वाकवून समोरून एक्स-रे काढा म्हणावं. तरी शंका राहिली तर एमआरआय. तुकडा जागेवर घट्ट आहे की त्याच्यामागे पाणी शिरलंय (म्हणजे सैल झालाय), हे त्यातच नीट कळतं. तुम्हाला जालन्याहून संभाजीनगर जवळ आहे, तिथल्या घाटी या सरकारी दवाखान्यात किंवा खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

तुकडा घट्ट, वाढीची हाडं अजून उघडी (म्हणजे हाडाची वाढ चालू) आणि कोपर चांगलं हलतंय, तर ऑपरेशन सहसा लागत नाही. पण ३ ते ६ महिने फेकणं पूर्ण बंद. जोर-बैठकांतले जोर आणि मल्लखांबही बंद, कारण तिथं अख्खं वजन कोपरावर येतं. दुखणं आधी थांबतं, हाड नंतर भरतं, म्हणून महिन्यात ‘आता दुखत नाही’ म्हणाला तरी मैदानावर सोडू नका. जिल्हा स्पर्धा पुढच्या वर्षीही आहेत, सरांना सांगा.

तुकडा सैल असेल किंवा कोपर अडकत असेल तर दुर्बिणीतून ऑपरेशन. तुकडा बसवतात, नाहीतर काढून खालच्या हाडाला बारीक छिद्रं पाडतात. खड्डा मोठा असला तर गुडघ्यातून हाड-कूर्चेची गुल्ली घेऊन भरतात. ऑपरेशन म्हणजे खेळ संपला असंही नाही. नीरज चोप्राच्या कोपराचं ऑपरेशन २०१९ मध्ये झालं आणि २०२० च्या जानेवारीत त्यानं ८७.८६ मीटर भाला फेकला. अर्थात तो तेव्हा वाढ पूर्ण झालेला होता, तुमचं पोरगं १३ चं आहे.

रिपोर्ट आला की त्यात ‘स्टेबल’ (तुकडा घट्ट) लिहिलंय की ‘अनस्टेबल’ (सैल), ते इथं कळवा. आणि कोपर किती सरळ होतंय तेही.