घाटातला घ, धरणातला ध

एप्रिल निम्मा झाला की मला येणाऱ्या पत्रांचा विषय एकच असतो: सुट्टी लागली, आता घरी अक्षरं कशी शिकवू? नाशिकला, पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात मी ३१ वर्षं बालवाडी चालवली. तिथे जे हातून केलं आणि डोळ्यांनी पाहिलं, त्याच्याच आधारावर या वेळच्या चार पत्रांना उत्तरं देते.

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. जूनमध्ये मोठ्या शिशूत जाईल. मुळाक्षरांचा तक्ता भिंतीवर लावला, चित्रांची कार्डं आणली. दोन दिवस बसला, तिसऱ्या दिवशी कार्डं पलंगाखाली. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी क ते ज्ञ घडाघडा म्हणते. याला बसवायचं तरी कसं? — एक आई, इंदिरानगर

बसवूच नका. साडेचार वर्षांचं मूल बसून शिकत नाही, उठून, उचलून, पळून शिकतं.

आधी शेजारच्या मुलीची काळजी मनातून काढा. क ते ज्ञ म्हणणं हे गाणं आहे. गाणं यावं, छानच आहे, पण गाणं आलं म्हणजे अक्षर ओळखता आलं असं नव्हे. माझ्याकडे अशी कितीतरी मुलं यायची. ‘ठ दाखव’ म्हटलं की बोट क वर ठेवायची आणि गाणं म्हणत म्हणत ठ पर्यंत खाली यायची.

आता तुमच्या तक्त्याकडे बघा. त्यात एडका, ऐरण, उखळ असणार. तुमच्या मुलाने यातलं काय पाहिलंय? एडक्याचं चित्र पाहून तो ‘मेंढी’ म्हणेल आणि त्याच्या लेखी ते अगदी बरोबर आहे. मग आपण म्हणतो, ‘चूक, हा ए.’ त्याचं अक्षर चुकलेलं नसतं, तो शब्दच त्याला कधी भेटलेला नसतो. म्हणून तक्ता घरचा करा. ए एसटीचा, उ उशीचा, इ इडलीचा, ओ ओट्याचा.

कार्डं विकत आणायची गरज नाही. लग्नसराई आहे, घरात पत्रिकांचा ढीग असेल. पत्रिकेचा कोरा, जाड भाग कापून तळहाताएवढे तुकडे करा आणि स्केचपेनने ठळक अक्षर काढा. प्रत्येक अक्षराची दोन कार्डं हवीत.

अक्षरं किती घ्यायची? फक्त चार. त्याच्या नावाचं पहिलं अक्षर आणि बरोबर क, ग, ट. आपल्याकडे ग म भ न या क्रमाने शिकवायची जुनी पद्धत आहे आणि लिहायला शिकवताना ती उत्तमच, कारण हात एका वळणाचा होतो. पण ओळखायला शिकवताना मी बरोबर उलटं करते. ज्या अक्षरांची तोंडं एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत ती आधी घेते. क च्या पोटातून दांडा जातो, ग चा दांडा बाजूला उभा असतो, ट ला खालपर्यंत दांडाच नाही. मुलाला पहिल्याच दिवशी फरक दिसतो आणि आपल्याला जमतंय असं वाटतं. ते वाटणं फार मोलाचं आहे.

बाल्कनीत मुलाच्या छातीइतक्या उंचीवर दोरी बांधा. गळ्याशी येईल अशी नको, पळताना अडकायला नको. खेळ झाला की दोरी सोडून ठेवा. चार कार्डं कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर लावा, त्यांची जोडीदार कार्डं घराच्या दुसऱ्या टोकाला सुपात ठेवा. त्याने सुपातून एक कार्ड उचलायचं, पळत यायचं आणि दोरीवरच्या तसल्याच कार्डावर चिमट्याने लावायचं. नाव विचारायचं नाही. तुम्ही फक्त म्हणत राहायचं, ‘अरे वा, क ला क भेटला.’ आणि तो चिमटा दाबायला अंगठा आणि दोन बोटं लागतात बरं का. पुढे पेन्सिल धरणार ती याच बोटांनी. पेन्सिल मात्र या सुट्टीत त्याच्या हातात कोंबू नका. स्वतःहून मागितली तर द्या आणि त्याला हवं ते गिरगटू द्या.

जोड्या सहज लागायला लागल्या की नावं. माँटेसोरी पद्धतीत याच्या तीन पायऱ्या आहेत आणि मी त्या कधी सोडल्या नाहीत. पहिली, ‘हा क.’ दुसरी, ‘क कुठे आहे? क आजीला नेऊन दे. क उशीखाली लपव.’ तिसरी, ‘हा कोणता?’ आपण पालक पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारतो आणि मूल गप्प झालं की घाबरतो. दुसऱ्या पायरीवर आठवडा गेला तरी जाऊ द्या. सगळा खेळ तिथेच आहे.

बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात जात असाल तर त्याला एक पिशवी द्या. घरी आल्यावर चार कार्डं जमिनीवर मांडा आणि भाजी ज्याच्या त्याच्या घरी जाऊ द्या: कांदा क कडे, गवार ग कडे, टोमॅटो ट कडे. एक सांभाळा. आपल्या नाशिकच्या पोरांना द्राक्षं ओळखीची, म्हणून द शिकवायला हटकून द्राक्षंच पुढे केली जातात. पण द्राक्षात द मोकळा नाही, र ला चिकटून बसलाय. त्याला द दिसतही नाही आणि सुटा ऐकूही येत नाही. द साठी दूध घ्या, दार घ्या.

आणि संध्याकाळी साडेपाच-सहानंतर, गच्चीची फरशी पायाला सोसेल इतपत निवली की, खडूने मोठ्ठी अक्षरं काढा. मुलाच्या हातात पाण्याचा मग आणि रंगकामाचा जुना ब्रश द्या. तुम्ही कार्ड दाखवायचं, त्याने तसलंच अक्षर शोधून ब्रशने पुसायचं. आमच्या वाड्याच्या अंगणात हा खेळ चालायचा, तेव्हाची एक मुलगी मला अजून दिसते. चार महिने तोंडातून शब्द काढला नव्हता तिने. त्या दिवशी ट वरून ब्रश फिरवला, फरशी अजून तापलेली, पाणी बघता बघता सुकलं. खडूही नाही, पाणीही नाही. ती उकिडवी बसली होती, मान वर केली आणि म्हणाली, ‘ताई, ट गेला!’ तिच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य ते.

नातू पाच वर्षांचा. सगळी अक्षरं ओळखतो, पण घ ला ध म्हणतो आणि भ ला म. रोज पाच-पाच वेळा लिहून घेतो तरी तेच. आता तो माझ्याजवळ यायलाच नको म्हणतो. — एक आजोबा, पंचवटी

भाऊ, आजपासून वही बंद करा. नातू जवळ येणं आधी, घ आणि ध नंतर.

तो आळशी नाही, त्याची नजरही अधू नाही. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच, हे तो जन्मापासून शिकत आलाय. अक्षरांच्या बाबतीत मात्र एवढीशी गाठ बदलली की नाव बदलतं. ही अटच त्याला नवी आहे. चुकीचं अक्षर पाच वेळा लिहिलं की चूकच पक्की होते.

डोक्याकडे बघायला शिकवा. घ आणि म यांची टोपी पूर्ण आहे, वरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. ध आणि भ यांची टोपी अर्धी, डावीकडचं डोकं उघडं आणि तिथे केसांची एक बट वळलेली. चारही अक्षरं हातभर मोठी काढा आणि त्याला विचारा, ऊन कोणाला लागेल? उघड्या डोक्याची दोन अक्षरं तो लगेच दाखवेल. मग दोन खोकी घ्या, एक टोपीवाल्यांचं, एक बिनटोपीवाल्यांचं, आणि कार्डं वाटायला लावा. हे आठ दिवस.

नंतर त्याला घेऊन बाहेर पडा. तुम्ही पंचवटीत राहता, तर सकाळी उन्हाच्या आधी गोदाघाटावर जा. घाटाच्या पायरीवर बसून ओल्या बोटाने घ काढा. घ घाटाचा. एखाद्या रविवारी गंगापूर धरणावर न्या. ध धरणाचा. माझ्याकडची मुलं या जोडीवर अडली की मी एवढंच विचारायची, ‘घाटावर जायचं का धरणावर?’ मूल क्षणभर थांबायचं, अक्षराच्या डोक्याकडे बघायचं आणि स्वतःच दुरुस्त करायचं.

खरखरीत अक्षरंही करून बघा. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मिळतो. त्यातला बारीक कणांचा घ्या, अक्षर कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. डोळे मिटून बोट फिरवायचं आणि ओळखायचं. ध ची बट बोटाला लागते.

जाता जाता, तुमच्याकडच्या कार्डांवरचे ल आणि श तपासून घ्या. बाजारातल्या पुष्कळ कार्डांवर हिंदी वळणाचे ल आणि श असतात. शाळेत त्याला मराठी वळणाचा, पाकळ्यांचा ल आणि देठाचा श भेटणार. सुरुवातीलाच दोन दोन रूपं नकोत.

मुलगी पावणेपाच वर्षांची. च च्या वस्तू गोळा करायला सांगितल्या तर तिने दोन ढीग केले. एकात चहाचा डबा आणि चिमणीचं चित्र, दुसऱ्यात चाळणी आणि खेळण्यातलं चाक. सगळा च आहे म्हटलं तर रडली. — एक आई, सिडको

तिची पाठ थोपटा, माझ्या वतीने सुद्धा. तिचा कान तुमच्या-माझ्यापेक्षा तल्लख आहे. मोठ्याने म्हणून बघा: चहा, चिमणी. आता चाळणी, चाक. जीभ दोन वेगळ्या जागी लागते. मराठीत च चे दोन उच्चार आहेत, ज आणि झ चेही आहेत: जेवण आणि जाळं, झेंडा आणि झाड. लिहिताना मात्र अक्षर एकच. आपल्याला सवयीने हे ऐकू येईनासं झालंय, तिने ते ऐकलं.

तिला सांगा, ‘तुझे दोन्ही ढीग बरोबर आहेत. या च ला दोन आवाज येतात.’ दोन्ही ढिगांच्या मध्ये च चं कार्ड ठेवा. पोरं हे आनंदाने मान्य करतात. ण आणि ळ च्या वस्तू मात्र शोधायला लावू नका. त्यांनी सुरू होणारे शब्द रोजच्या मराठीत नाहीत. ‘बाणातला ण’, ‘बाळातला ळ’ असंच शिकवायचं, शब्दाच्या शेवटी कान द्यायला लावून.

तुम्ही चिंचोके वापरता असं पत्रात पुढे लिहिलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हापासून बिया, पानं, शंख-शिंपले हेच आपल्या बालवाडीचं साहित्य आहे आणि मला ते प्लास्टिकच्या अक्षरांपेक्षा प्रिय आहे. पण माझ्यासमोर एका मुलाने चिंचोका नाकात घातला होता. मी तेव्हा फळ्याकडे तोंड करून उभी होते. दवाखान्यात डॉक्टरांनी तो काढेपर्यंत माझे हातपाय गार पडले होते. चिंचोके, मणी, गुंडी असं काही मांडलं असेल तर तुम्ही समोर बसा, आणि उठायचं झालं तर डबा उचलून बरोबर न्या. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर या वस्तू नकोतच.

मी कंपनीत पाळीवर असतो. मुलाला इंग्रजी माध्यमात घातलंय. घरी मराठी अक्षरं शिकवली तर गोंधळेल का? आणि मला वेळ मिळतो तो जेमतेम अर्धा तास. — एक बाबा, सातपूर

गोंधळणार नाही. घरी मराठी बोलता ना? मग आवाज त्याच्याकडे आधीच आहेत, मराठी अक्षर त्याला पटकन चिकटेल. फक्त दोन्ही लिपींची कार्डं एका खेळात मिसळू नका. डबे वेगळे, वेळ वेगळी.

इंग्रजीत मोठ्या आणि लहान अक्षरांच्या जोड्या लावायच्या असतात, हे आपल्याकडे नाही. तिथे सोप्या जोड्यांपासून सुरू करा: सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड. या मोठ्या काय, लहान काय, सारख्याच दिसतात, फक्त अंगाने कमी-जास्त. बाटल्यांच्या झाकणांवर लहान अक्षर, बाटलीवर मोठं, आणि झाकण ज्याच्या त्याच्या बाटलीवर फिरवायचं. ए, जी, आर पुढे घ्या. लहान बी आणि लहान डी हे अगदी शेवटी आणि एकाच दिवशी कधीच नाही.

अर्धा तास पुष्कळ आहे, त्यातली दहा मिनिटंच लागतात. बाकी रस्त्यावर करा. दुकानांच्या पाट्या आता मराठीत असतात, तोच तुमचा तक्ता. त्याच्या खिशात एक कार्ड द्या, समजा स चं, आणि घरी येईपर्यंत किती स भेटतात ते बघू द्या. पहिली पाळी असेल त्या आठवड्यात संध्याकाळी बसथांब्यावर उभं राहा. बस लांबून येताना तिच्या कपाळावरची पाटी वाचायचा प्रयत्न त्याने करायचा, आणि त्यात खिशातलं अक्षर असेल तर बसला हात करायचा. चालकही बहुतेक वेळा उलट हात करतात.