वाचकांचे प्रश्न : खूप लवकर जन्मलेली मुलं आणि शिकण्याची गती

प्रश्न : आमची मुलगी २८व्या आठवड्यात जन्मली. दोन वर्षांची असताना विकासाची तपासणी झाली, तेव्हा सगळं ठीक निघालं. आता ती साडेचार वर्षांची आहे आणि बोलतेही छान. पण बालवर्गाच्या बाई म्हणतात, सांगितलेलं काम ती अर्ध्यावर विसरते आणि चित्र बघून ठोकळे रचता येत नाहीत. हा आळस आहे का?

उत्तर : आळस मुळीच नाही, आणि तसं तिला कृपया कुणी म्हणू नये. दोन वर्षांच्या तपासणीत चालणं, शब्द जोडणं, लपवलेली वस्तू शोधणं एवढंच पाहता येतं. सूचना डोक्यात धरून ठेवणं, मोह आवरणं ही कौशल्यं तीन ते सहा वर्षांत आकार घेतात. त्यांतली उणीव त्याआधी दिसणार कशी? गर्भारपणाच्या २४ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास, मेंदूतल्या तंतूंवर पुढे मायलिनचं (निरोप वेगाने नेणारं) वेष्टण चढवणाऱ्या पेशी कोवळ्या असतात. संसर्ग किंवा ऑक्सिजनची कमतरता त्यांना सहज बाधते. मग निरोप पोचतो, पण सावकाश, आणि तोवर पुढची सूचना आलेली असते.

आधी डोळे आणि कान पुन्हा तपासा. तिरळेपणा, चष्म्याचा नंबर या मुलांत जास्त आढळतो आणि ऐकू येण्यातला दोष उशिराही उद्भवू शकतो. मग बालमानसशास्त्रज्ञांकडे जाताना जन्मावेळचं डिस्चार्ज कार्ड आणि मेंदूच्या सोनोग्राफीचा अहवाल न्या. नुसता एकूण बुद्ध्यंक घेऊन परतू नका : भाषा, आकृतीज्ञान, कार्यकारी स्मृती (माहिती डोक्यात धरून वापरणं) आणि माहिती हाताळण्याचा वेग यांचे गुण वेगवेगळे मागा. चांगली भाषा बाकीचं झाकून टाकते.

घरी नाव घेऊन, नजर मिळवून एकच सूचना द्या आणि पाच ते दहा सेकंद गप्प राहा. बहुतेक पालक इथेच घाई करतात. तीच सूचना वेगळ्या शब्दांत देतात, आणि मुलीला ती नवीच वाटते. सूचना तिच्याकडून वदवून घ्या. पाचांतल्या चार वेळा जमलं, की दुसरी पायरी जोडा. ठोकळे तीनपासून सुरू करा : तुम्ही शेजारी रचा, तिला बघून रचू द्या, चित्र नंतर. स्मरणशक्तीच्या ॲपवर पैसे घालवू नका; तिथली प्रगती बहुतांशी त्याच खेळापुरती राहते.

प्रश्न : मुलगा ३०व्या आठवड्यात झाला. नऊ महिने झाले, तरी आधाराशिवाय बसत नाही.

उत्तर : तो चाळीस आठवड्यांच्या दहा आठवडे आधी आला, म्हणून तेवढे वजा करून त्याचं सुधारित वय पावणेसात महिन्यांच्या आसपास. या वयात न बसणं चालतं. मात्र एकच हात वापरणं, मूठ सतत मिटलेली असणं, पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येणं यांतलं काही दिसलं, तर याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. विकासाचे टप्पे दोन वर्षांपर्यंत सुधारित वयानेच मोजा. लसी मात्र जन्मतारखेनुसार.