जादा पुट काढा, बफर कुणी धरलाय ते शोधा

तुमचा प्रश्न मी असा समजलोय. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवर तांडेलाच्या (बोटीच्या कप्तानाच्या) केबिनमध्ये १०२४ बाय ६००चा पडदा, मागे जाळ्यावर रोखलेला १०८०पी कॅमेरा आणि मध्ये ६४ एमबी सीएमए (सलग मोठे तुकडे देण्यासाठीची मेमरी) राखलेला, लिनक्सवर चालणारा एआरएम बोर्ड. इंजिन चालू करताना व्होल्टेज पडतं, कॅमेरा रिसेट होतो, प्रोग्राम तो पुन्हा उघडतो. पाचव्यांदा उघडताना चार बफर (एकेका फ्रेमसाठी मेमरीचे तुकडे) मागितले तर तीनच मिळतात आणि प्रोग्राम कोसळतो. लीक (वापरून झालेली मेमरी न सुटणं) ड्रायव्हरमध्ये असणार असं धरून तुम्ही पडद्याच्या ड्रायव्हरमधल्या बफर बनवणाऱ्या आयऑक्टलमध्ये (प्रोग्राम कर्नलला करतो त्या कॉलमध्ये) एक पुट (रेफरन्स, म्हणजे बफरवरचा हक्क, सोडणारा कॉल) वाढवला. आता लॉगमध्ये ‘रेफकाउंट_टी: अंडरफ्लो; यूज-आफ्टर-फ्री’ ही चेतावणी येतेय, म्हणजे मोकळी झालेली मेमरी पुन्हा वापरली जातेय. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठायच्या आत दोन्ही सुटायला हवं.

आधी तो जादा पुट काढा, आजच. जेम ऑब्जेक्ट (कर्नलमधली बफरची नोंद) तयार होतो तेव्हा त्याचा काउंट (किती रेफरन्स आहेत तो आकडा) १ असतो आणि तो एक तुमच्या फंक्शनचा. प्रोग्रामला हँडल, म्हणजे ऑब्जेक्टचा क्रमांक, देणारं हँडल_क्रिएट स्वतःचा आणखी एक घेतं, झाले २. मग तुम्ही तुमचा सोडता, उरतो हँडलचा १. तुम्ही वाढवलेला पुट हा हँडलचाच रेफरन्स काढून घेतो: ऑब्जेक्ट मोकळा होतो आणि हँडल मात्र त्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतं. पुढे प्रोग्रामने जेम क्लोज केलं (हँडल बंद केलं) की मोकळ्या झालेल्या जागेवर पुन्हा वजाबाकी होते. त्या जागेत अजून शून्य शिल्लक असेल तर ही चेतावणी तरी दिसते. मधल्या काळात ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली असेल तर काहीच दिसत नाही, त्याचा डेटा गुपचूप बिघडतो. म्हणून चेतावणी ‘कधीकधीच येते’ यात दिलासा मानू नका. लीकमुळे प्रोग्राम पडतो. जादा पुटमुळे कर्नलची मेमरी खराब होते, आणि समुद्रात त्याचा माग काढणं जवळजवळ अशक्य.

काउंट म्हणजे जुळवायचा आकडा नव्हे. त्यातल्या प्रत्येक एककाला मालक असतो आणि ज्याने घेतला त्यानेच तो सोडायचा. कुठलाही पुट लिहिताना ‘हा कुणाचा?’ याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, तर तो पुट लिहू नका.

आता लीककडे. तुमचे आकडेच बरंच सांगतात. १९२० × १०८० एनव्ही१२ची (पिक्सेलमागे दीड बाइट) एक फ्रेम ३१,१०,४०० बाइट्स, म्हणजे ४ केबीची ७६० पानं. नेहमीच्या कॉन्फिगरेशनमध्ये सीएमए मोठी मागणी २५६ पानांच्या, म्हणजे १ एमबीच्या सीमेवर बसवतं, त्यामुळे प्रत्येक फ्रेम ३ एमबी अडवते. पडद्याचे स्वतःचे दोन बफर प्रत्येकी १०२४ × ६०० × ४ बाइट्स, म्हणजे ६०० पानं. तेही प्रत्येकी ३ एमबी. ६४ मधून ६ गेले, उरलेल्या ५८ मध्ये १९ फ्रेम मावतात. चार वेळा चार म्हणजे १६. पाचव्या वेळी राहतात ३. तुम्हाला मिळाले तेवढेच. म्हणजे एखादा बफर चुकून राहत नाहीये, दर वेळी चारही अडकतायत. असं कधीतरी घडणाऱ्या रेसमुळे (दोन थ्रेडच्या वेळा आपटल्यामुळे) होत नाही. सोडण्याच्या क्रमातली एक अख्खी पायरी गहाळ आहे. (कॅमेऱ्याचे बफर मागणाऱ्या रिकबफ्स कॉलला चार मागून तीन मिळाले तरी कॉल यशस्वीच ठरतो. परत आलेला आकडा वाचा, आपण मागितलेला गृहीत धरू नका. तुमचा प्रोग्राम तिथेच पडतोय.)

दोष कुठल्या बाजूला हे ठरवणारी चाचणी सोपी आहे: प्रोग्राम पूर्ण बंद करा. प्रोसेस संपली की डीआरएमची (कर्नलच्या पडदा-व्यवस्थेची) फाइल बंद होते आणि तिची सगळी हँडलं व फ्रेमबफर (पडद्यावर दाखवायला नोंदलेले बफर) कर्नल स्वतः सोडतो. एफडी (उघड्या फाइलींचे क्रमांक) आणि मॅपिंगही जातात. मेमरी परत आली तर गळती प्रोग्राममध्ये. नाही आली, आणि दुसऱ्या कुठल्या प्रोसेसला एफडी दिलेला नसेल, तरच ड्रायव्हरवर संशय घ्या. बोट पुन्हा चालू केल्यावर मेमरी ठीक दिसते असं तुम्ही लिहिलंय, पण तेव्हा अख्खा बोर्डच रीबूट होतो, त्यावरून काही ठरत नाही.

कॅमेऱ्याचा एक बफर कोण कोण धरून असतं ते बघा. व्हिडिओ४लिनक्सची (कर्नलच्या कॅमेरा-व्यवस्थेची) रांग एक. एक्सपबफ या निर्यातीच्या कॉलने निघालेला डीएमए-बफ (ड्रायव्हरांमध्ये वाटता येणारा बफर) त्या बफरचा एक रेफरन्स घेतो, आणि त्या डीएमए-बफला तुमचा एफडी जिवंत ठेवतो. तो प्राइमने (डीआरएमच्या आयात-निर्यात सोयीने) आयात केल्यावर पडद्याच्या बाजूला नवा जेम ऑब्जेक्ट बनतो. तो डीएमए-बफचा रेफरन्स आणि अटॅचमेंट दोन्ही पकडतो. त्या जेम ऑब्जेक्टला हँडल धरतं. ॲडएफबी२ने फ्रेमबफर बनवल्यावर तोही धरतो, आणि फ्रेमबफर पडद्यावर असेपर्यंत प्लेनची (पडद्यावरच्या चित्राच्या थराची) स्टेट त्याला धरते. एममॅपने बफर प्रोग्रामच्या मेमरीत जोडला असेल तर तो व्हीएमए (त्या जोडणीची नोंद) वेगळा मालक. यातला एक जरी राहिला तरी ३ एमबी अडकले.

इथेच बहुतेक जण फसतात. जुन्या कर्नलमध्ये बफर बाहेर कुणी धरलेले असताना रिकबफ्सला ० दिलं तर ईबिझी (‘वापरात आहे’ ही त्रुटी) यायचं आणि चूक लगेच कळायची. नंतरच्या कर्नलमध्ये अनाथ बफरांना परवानगी आहे: रिकबफ्स यशस्वी होतं, रांग स्वतःचा हक्क सोडते, पण पडद्याच्या बाजूने आयात केलेला ऑब्जेक्ट जिवंत असेपर्यंत मेमरी जागची हलत नाही. ‘० दिलं, यश आलं, म्हणजे मेमरी सुटली’ हे गृहीतक आता चालत नाही. तुमच्या कोडमध्ये स्ट्रीमऑफ (कॅमेऱ्याचा प्रवाह थांबवणं) आहे, रिकबफ्स ० आहे, क्लोज आहे. आरएमएफबी (फ्रेमबफर काढून टाकणं) आणि जेम क्लोज कुठेच नाही. लीक तीच.

सोडण्याचा क्रम असा ठेवा. आधी प्लेनवर दुसरा फ्रेमबफर चढवा, मग तो ‘कॅमेरा बंद’ असा साधा संदेश असला तरी चालेल, आणि फ्लिप (पडद्यावरच्या बफरची अदलाबदल) पूर्ण झाल्याचा इव्हेंट येईपर्यंत थांबा. पडद्यावर असलेल्या फ्रेमबफरवरच आरएमएफबी केलं तर कर्नल तो प्लेन बंद करतो आणि तांडेलासमोरचा पडदा काळा होऊ शकतो. मग चारही फ्रेमबफरांवर आरएमएफबी, चारही हँडलांवर जेम क्लोज, एममॅप असेल तर मुनमॅप, मग स्ट्रीमऑफ आणि रिकबफ्स ०. एफडी शेवटपर्यंत उघडा ठेवायची गरजच नाही; आयात झाल्याबरोबर बंद करा, आयात केलेल्या ऑब्जेक्टकडे स्वतःचा रेफरन्स असतो. हँडलही ॲडएफबी२ झाल्यावर लगेच बंद करता येतं. जेवढे मालक कमी, तेवढं विसरायचं कमी.

हँडलांबाबत एक खाच नीट लक्षात ठेवा: हँडल मोजलं जात नाही. तोच डीएमए-बफ त्याच डीआरएम एफडीवर दोनदा आयात केला तर दोन्ही वेळा तोच क्रमांक मिळतो, आणि एकदा जेम क्लोज केलं की दोन्हीकडचा गेला. प्रोग्रामचे दोन भाग एकच बफर वापरत असतील तर हँडलाचा हिशेब तुमच्या कोडमध्ये ठेवावा लागेल. उलट, एक्सपबफ प्रत्येक कॉलला नवा डीएमए-बफ बनवतं. दर फ्रेमला एक्सपबफ आणि आयात केलीत तर दर फ्रेमला नवं हँडल साठत जातं. निर्यात सुरुवातीला, बफरामागे एकदाच.

ड्रायव्हरच्या आयऑक्टलमध्ये जादा पुट काढल्यावरही एक खरी चूक उरते. तुम्ही हँडल_क्रिएट आणि पुट झाल्यावर ऑब्जेक्टमधून साइझ वाचून यूजरला देताय. हँडल तक्त्यात गेलं की ते जाहीर झालं. क्रमांक १ पासून चढते असतात. दुसरा थ्रेड अंदाजाने तो क्रमांक बंद करू शकतो आणि तुमच्या हातातला पॉइंटर मेलेला निघतो. सगळी फील्डं आधी भरा, हँडल_क्रिएट शेवटी, त्यानंतर पुट, आणि पुटनंतर त्या पॉइंटरला हात नाही. तसंच हँडलवरून ऑब्जेक्ट शोधणारं ऑब्जेक्ट_लुकअप रेफरन्स घेऊनच परत येतं, म्हणून त्रुटीच्या प्रत्येक वाटेवर त्याचा पुट हवा. स्वतःचा तक्ता ठेवून त्यातून पॉइंटर उचलत असाल तर साधा गेट (रेफरन्स घेणारा कॉल) पुरत नाही. लॉक धरून केरेफ_गेट_अनलेस_झिरो (काउंट शून्य नसेल तरच रेफरन्स घेणारं) वापरा आणि ते नाही म्हणालं तर ऑब्जेक्ट नाहीच असं समजा. जुन्या लेखांत रेफरन्स आणि अनरेफरन्स अशी नावं दिसतील, कर्नल ४.१२ पासून तेच गेट आणि पुट.

मोजायला सीएमएफ्रीवर (सीएमएतली रिकामी मेमरी सांगणाऱ्या आकड्यावर) विसंबू नका. कर्नल सीएमएची रिकामी जागा हलवता येणाऱ्या पानांना उसनी देतो, त्यामुळे तो आकडा लीक नसतानाही खाली-वर होतो. डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या तपासणीच्या फाइलींमधल्या) डीएमए_बफ फोल्डरातली बफइन्फो फाइल बघा: प्रत्येक निर्यात झालेल्या बफरचा आकार, काउंट, निर्यात करणाऱ्याचं नाव आणि जोडलेली डिव्हायसेस तिथे दिसतात. कॅमेरा एकदा बंद-चालू केल्यावर चारऐवजी आठ दिसले आणि जुन्या चारांसमोर पडद्याचं डिव्हाइस असलं, की मालक सापडला. सेट_नेम आयऑक्टलने प्रत्येक बफरला ३१ अक्षरांच्या आत नाव द्या, जुने-नवे लगेच ओळखू येतात. पडद्याचे स्वतःचे बफर निर्यात केलेले नसतील तर या यादीत येणार नाहीत. त्यांच्यासाठी डीबगएफएसमध्येच डीआरआय फोल्डरातली फ्रेमबफर फाइल आहे, तीत प्रत्येकाचा रेफकाउंटही छापलेला असतो. ड्रायव्हर तपासायला टेबलावरच्या बोर्डावर केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावलेला कर्नल चालवा. साध्या केएसॅनला मेमरीचा आठवा हिस्सा लागतो, बोटीवरच्या बोर्डात तो ठेवू नका.

हे सगळं झाल्यावर चित्र मध्येच फाटलेलं दिसलं तर काउंटकडे परत जाऊ नका. रेफरन्स बफरला जिवंत ठेवतो, त्यात कोण कधी लिहितो हे ठरवत नाही. व्हिडिओ४लिनक्स फेन्स (बफरवरचं काम संपल्याची खूण) वापरत नाही, म्हणून तो क्रम तुम्हालाच पाळायचाय: नवा बफर पडद्यावर आल्याचा फ्लिप इव्हेंट आला की मगच आधीचा क्यूबफने कॅमेऱ्याला परत द्या. चारांपैकी एक पडद्यावर, एक फ्लिपच्या वाटेवर, दोन कॅमेऱ्याकडे, एवढ्यात सेकंदाला ३० फ्रेम्स नीट चालतात. बोटीवर चढवण्याआधी कॅमेऱ्याची वीज रिलेने तोडून-जोडून ही फेरी शंभरदा करा. प्रत्येक फेरीनंतर बफइन्फोत चारच बफर दिसले पाहिजेत आणि प्रोग्राम बंद केल्यावर एकही नाही.