आजोबांची चित्रं मोबाइलवर टिपून ऑनलाइन संग्रहात ठेवायची आहेत. सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की आजोबा लाखांदूर तालुक्यातल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, 2009 साली गेले. गावच्या घरी त्यांची साठेक चित्रं आहेत, काही फ्रेममध्ये, बाकी पेटीत, आणि घर आत्याबाई सांभाळतात. दिवाळीत तुम्हाला आठ दिवस मिळणार आहेत. फोटो नीट कसे घ्यायचे आणि विकिमीडिया कॉमन्स या सगळ्यांना खुल्या ऑनलाइन संग्रहात टाकायचा हक्क तुम्हाला आहे का, हे विचारलंय. मी वडशाचा. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे हाताने रंगवलेले जुने पडदे आणि आसपासच्या घरांतली चित्रं काही वर्षांपासून टिपतो आहे, त्यातून जे शिकलो ते सांगतो.

कॅमेऱ्याच्या आधी एक गोष्ट. प्रत्येक चित्राच्या पाठीचाही फोटो घ्या. सुरुवातीला मी हे करत नव्हतो. पवनीकडच्या एका घरात नदीच्या घाटाचं जलरंगातलं चित्र होतं. पिंपळ, पायऱ्या, कपडे धुणाऱ्या दोन बाया. घरधनी म्हणाले, मागे गावाचं नाव आहे, ते गाव गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. मी समोरून फोटो घेतला आणि निघालो. पुढच्या वर्षी त्यांनी फ्रेम बदलून घेतली, तेव्हा मागचा पुठ्ठा फेकला गेला. पेन्सिलीतलं ते नाव त्या पुठ्ठ्यावरच होतं. तोवर ते गृहस्थही वारले होते. वैनगंगेच्या काठची किती गावं उठली, त्यातला हा कोणता घाट हे आज कोणीही सांगू शकत नाही. ती चूक मला अजून टोचते. म्हणून मागची सही, तारीख, किंमत, शाळेचा शिक्का, फ्रेमवाल्याची चिठ्ठी, चिकटवलेला वर्तमानपत्राचा तुकडा, सगळं टिपा. कोरी पाठही घ्या, म्हणजे ती पाहिली होती याची नोंद राहते.

आता उजेड. फ्लॅश नको आणि घरातला ट्यूबलाइटही बंद. थेट ऊन न येणारी सपरी, म्हणजे घरापुढची पडवी, सगळ्यात चांगली. चित्र मागच्या भिंतीला टेकवून अंगणाकडे तोंड करून ठेवा. आधी त्याच जागी एक कोरा पांढरा कागद ठेवून फोटो घ्या. चारही कोपरे सारखे उजळ दिसले तर जागा बरोबर, एक बाजू काळवंडली तर चित्र थोडं वळवा. आपल्याकडच्या घरांत आणखी एक अडचण असते. भिंतींना निळ घातलेला चुना असतो आणि तिची निळाई चित्रावर उतरते. माझे सुरुवातीचे चाळीसेक फोटो यामुळेच पुन्हा घ्यावे लागले, धानाचं पिकलेलं पिवळं शेत हिरवट दिसत होतं. दोन्ही बाजूंना पांढरं धोतर किंवा चादर टांगली की हे थांबतं. तो कोऱ्या कागदाचा फोटो जपून ठेवा, नंतर रंग जुळवताना पांढरं म्हणजे काय ते त्यावरून कळतं.

फोन चित्राला अगदी समांतर हवा. त्यासाठी दाढीचा छोटा आरसा चित्राच्या मध्यावर, कागदाला न घासता, सपाट धरायला सांगा. फोनच्या लेन्सचं प्रतिबिंब स्क्रीनच्या बरोबर मध्ये आलं की कोन जुळला. आरसा काढा आणि टायमरने फोटो घ्या. वाइड लेन्स वापरू नका, कडा वाकतात. लोकेशन बंद ठेवा, चित्रं कोणत्या घरात आहेत हे जगाला कळायचं कारण नाही. आणि मूळ फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, ती लहान होऊन जाते. 12 मेगापिक्सेलच्या फोनवर 15 बाय 22 इंचांच्या हाफ इम्पिरियल कागदाला इंचामागे साधारण 180 पिक्सेल मिळतात. पडद्यावर बघायला तेवढे पुरतात.

फ्रेममधली चित्रं उघडायची घाई करू नका. आपल्याकडे पावसाळ्याच्या ओलीने पोस्टर रंग काचेला चिकटलेला असतो, ओढलं की चित्राचा पापुद्रा निघतो. अशा वेळी काचेतूनच घ्या. काळ्या कापडाला लेन्सपुरतं भोक पाडा आणि ते फोनसमोर पडद्यासारखं धरा, मग काचेत तुमचं आणि अंगणाचं प्रतिबिंब येत नाही. धूळ झाडायला कोरडा मऊ ब्रश पुरे. ओला फडका अजिबात नको.

हक्काचं मात्र नीट समजून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतो. आजोबा 2009 साली गेले, म्हणजे 2069 संपेपर्यंत. तो वारसांकडे जातो, एकट्या तुमच्याकडे नाही. वडील, काका, आत्या, जे कोणी वारस असतील त्यांची लेखी संमती घ्या. चित्र विकत घेणाऱ्याकडे वस्तू जाते, हक्क आपोआप जात नाही. मात्र एखाद्याने पैसे देऊन खास काढून घेतलेलं व्यक्तिचित्र असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क त्या काढून घेणाऱ्याचा. अशी चित्रं बाजूला ठेवा. कॉमन्सवर 'फक्त गैरव्यावसायिक वापरासाठी' ही अट चालत नाही, आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. कोणी उद्या त्या चित्राचं कॅलेंडर छापलं तरी चालेल का, हे घरच्यांना स्पष्ट विचारा. संमतीचं पत्र कॉमन्सच्या परवानगी पथकाला ईमेलने जातं.

आणखी एक. कॉमन्सला शैक्षणिक उपयोग दिसावा लागतो, नुसत्या घरगुती संग्रहाच्या फाइली वगळल्या जाऊ शकतात. म्हणून नोंदीत चित्रात काय आहे ते मराठीत पूर्ण लिहा. धानाची रोवणी आहे का, मंडईच्या जत्रेची रात्र, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, कवेलूचं (कौलारू) घर? माध्यम, मोजमाप, साल, गाव. 'निसर्गचित्र 14' असं नाव दिलेली फाइल कोणालाही सापडत नाही.

यातलं बरंच आत्याबाईंना ठाऊक असणार. पहिले दोन दिवस फोटो घेऊच नका. एकेक चित्र त्यांच्यासमोर धरा, बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, शेजारच्या म्हाताऱ्यांनाही बोलवा. मग प्रत्येक चित्राला क्रमांक द्या आणि त्याच क्रमांकाने फोटो घ्या.

वडशाहून लाखांदूर जवळच आहे. नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, पण दिवसा मी मोकळा असतो. तारीख कळवा, स्टँड आणि काळं कापड घेऊन येतो.